दर मार्चला एसीची तीच रड? इलाज जूनमध्येच करायचा असतो

होळी आटोपली की एसी मेकॅनिकचा फोन लागेनासा होतो. लागलाच तर चार दिवसांनंतरची वेळ मिळते. तक्रारी मात्र दरवर्षी त्याच: लावल्याबरोबर कुबट वास, तासाभरात भिंतीवर पाण्याचा ओघळ, हवा येते पण गार लागत नाही, नाहीतर मशीन चालूच होत नाही, नुसता दिवा लुकलुकत राहतो. आणि त्यावर मालकाचं ठरलेलं वाक्य: "अहो, गेल्या मेमध्ये झकास चालत होता. मधे कुणी हातसुद्धा लावला नाही."

पाणी नेमकं तिथंच मुरतं, आणि अगदी शब्दशः मुरतं. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज ओढतो. हे पाणी कूलिंग कॉइलवर जमतं, ट्रेमध्ये पडतं आणि पाइपातून बाहेर जातं. आपण रिमोटचं बटण दाबतो त्या क्षणी कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये, ब्लोअरच्या (आतल्या पंख्याच्या) पात्यांवर आणि ट्रेच्या तळाशी बरंच पाणी शिल्लक असतं. हंगामात रात्री पुन्हा एसी लागतो, त्यामुळे काही जाणवत नाही. पण जूनमध्ये शेवटचा बंद केला की ते सगळं आत कोंडून राहतं, वर पावसाळी हवा. ओले कपडे घडी घालून कपाटात ठेवल्यावर जे होतं तेच इथे होतं. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ कॉइलवर आधीच बसलेली असते, बुरशीला तेवढं पुरतं.

म्हणून एसी ठेवणीत टाकायचा तर तो आधी कोरडा करायचा. बाकीची कामं त्याच्या मागे-पुढे.

दिवस कुठला धरायचा

मुंबईत मान्सून यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे वळिवाचे एक-दोन पाऊस झाले की बहुतेक घरांत एसी बंदच होतो. त्या वळिवानंतर जो कडक उन्हाचा दिवस मिळतो तो सोडू नका. एकदा पावसाची झड लागली की हवाच इतकी ओली असते की तिनं काही वाळत नाही.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याचं गणित वेगळं. तिथं पावसाळ्यातही रात्री ड्राय मोडवर एसी लागतो, मग ऑक्टोबरची तलखी येते, आणि खरी सुट्टी मिळते ती डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जूनचा हट्ट न धरता डिसेंबरची कोरडी दुपार बघावी. विदर्भात दिवसा कूलर आणि रात्री एसी अशी घरं पुष्कळ; त्यांना दोन्हींची आवराआवर करावी लागते.

कामाचा क्रम चुकवू नका

आधी धुणं, मग वाळवणं. हे सांगायची गरज पडू नये, पण मशीन छान वाळवून झाल्यावर आठवडाभरानं "सर्व्हिस करून घेऊ" म्हणून जेटनं धुवून घेणारे आणि ओलंच बंद करणारे कमी नाहीत. सर्व्हिस करायची असेल तर ती हंगाम संपतानाच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मेकॅनिकलाही जूनमध्ये सवड असते, तो कामात घाई करत नाही. मार्चमध्ये एका दिवसात आठ घरं उरकणारा माणूस तुमच्या ब्लोअरची पाती एकेक करून पुसणार नाही.

फिल्टर घरीच धुता येतो. कोमट पाणी, भांडी घासायचं थोडं लिक्विड, मऊ ब्रश, आणि सावलीत वाळवणं. कडक उन्हात प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग खाचेत बसत नाही. फिल्टर काढलेला असतानाच मोबाइलचा टॉर्च लावून दोन ठिकाणी बघा. एक, कॉइलचे पत्रे: राखाडी लोकरीसारखा थर दिसला तर मऊ ब्रश वरून खाली, पत्र्यांच्या दिशेनं फिरवा. आडवा फिरवलात तर पत्रे मुडपतात आणि हवा अडते. दोन, झडप उघडून आतला ब्लोअर: पात्यांवर काळे ठिपके किंवा काळा चिकट थर असेल तर वासाचं मूळ सापडलं. हा थर वरवर फडकं फिरवून निघत नाही, खाली पिशवी बांधून पाण्याच्या फवाऱ्यानंच धुवावा लागतो. हे काम मेकॅनिककडून करून घ्या, कारण पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, शेजारीच असतो.

व्हिनेगरचा एक घरगुती उपाय सगळीकडे फिरतो. कॉइलवर तो करू नका. व्हिनेगरमधलं आम्ल ओलसर तांब्याच्या नळीला बारीक बारीक छिद्रं पाडू शकतं, आणि ती छिद्रं डोळ्यांना दिसतही नाहीत. फिनेल आणि ब्लीचही नको. साबणाचं सौम्य पाणी पुरतं.

पाणी आत का गळतं

मार्चमधली गळती बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबल्यामुळे होते, आणि तुंबतं ते बंद काळात. ट्रेमधल्या पाण्यात शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो, तो वाळून पाइपाच्या तोंडाशी बसतो. बाहेरच्या टोकाला कुंभारमाशी मातीचं घर बांधते. कधी झुरळं असतात, कधी उंदरानं पाइपच कुरतडलेला असतो.

तपासणी सोपी आहे. फिल्टर काढून ठेवलेला असताना एका मगात पाणी घ्या आणि कॉइलच्या खालच्या कडेवर, बारीक धारेनं, सावकाश सोडा. पाणी पत्र्यांवरून थेट ट्रेमध्ये उतरतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बाहेर पाइपाच्या टोकाशी उभं करा. मगातलं पाणी अर्धं होईपर्यंत तिकडून धार सुरू व्हायला हवी. नुसते थेंब येत असतील किंवा धार मधेच थांबून पुन्हा भळ्ळकन येत असेल, तर पाइप अर्धवट तुंबलाय किंवा कुठेतरी त्याला झोळ पडलाय. झोळात पाणी साचून राहतं आणि बुळबुळीची सुरुवात तिथूनच होते. पाइप सरळ उतारानं क्लिपा मारून बसवला की हा त्रास संपतो. तुंबलेला पाइप बाहेरच्या टोकाकडून ओढून साफ करावा, त्यासाठी ओला कचरा ओढणारा व्हॅक्यूम असला तर उत्तम. आतून जोरात फुंकलं तर घाण ट्रेमध्ये परत येते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या बाल्कन्यांमध्ये हमखास दिसते. पाइपाखाली बादली किंवा जुना तेलाचा कॅन ठेवलेला असतो आणि पाइपाचं तोंड आत बुडालेलं असतं. पाण्यात बुडलेल्या तोंडातून हवा बाहेर पडत नाही, उतार कमी असेल तर पाणी अडतं आणि भिंतीवर उतरतं. पाइप पाण्याच्या वर राहील असा कापा. बंद काळात ती बादली उपडी करून ठेवा; डेंग्यूच्या डासाला याहून सोयीची जागा नाही. पाइपाच्या तोंडाला मच्छरजाळीचा तुकडा बांधायचा असेल तर तो ठेवणीच्या काळापुरताच. एसी चालू असताना त्या जाळीवरच बुळबुळीत थर धरतो.

आता वाळवणं

फिल्टर जागेवर, खिडक्या उघड्या, बाहेर ऊन. रिमोटवर फॅन मोड, पंख्याचा वेग मध्यम किंवा जास्त, आणि तीन-चार तास तसंच चालू द्या. यात कॉम्प्रेसर चालत नाही, त्यामुळे विजेचा खर्च साध्या पंख्यासारखाच. ज्यांचा एसी गरम-थंड दोन्ही प्रकारचा आहे त्यांनी शेवटी अर्धा तास हीट मोड लावावा, कॉइल ठणठणीत कोरडी होते. काही रिमोटवर फॅन मोड सापडत नाही. तिथं कूल मोडमध्ये तापमान ३० अंशांवर न्या. खोली त्याहून गार असेल तर नुसता पंखा चालतो. खोलीच तापलेली असेल तर ही युक्ती चालणार नाही, मग संध्याकाळी करा.

वाळलं की नाही हे नाकालाच कळतं. झडपेजवळ नाक नेऊन बघा. फॅन मोडच्या सुरुवातीला येणारा वास शेवटी गेला असेल तर काम झालं. तीन तासांनंतरही तसाच येत असेल तर आत बुरशी आहे, ओल नाही. ती धुतल्याशिवाय जाणार नाही.

झड लागल्यावर बंद करायची वेळ आली तर एकदा वाळवून भागत नाही. त्या वेळी जमेल तेवढं वाळवा आणि पुढच्या मोठ्या उघडिपीच्या दुपारी पुन्हा दोन-तीन तास फॅन मोड लावा.

हंगामातली एक सवय मात्र आजच बदला. बऱ्याच नव्या मशीनमध्ये रिमोटनं बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ आपोआप फिरत राहतो, कुठे त्याला ऑटो क्लीन म्हणतात, कुठे ब्लो. तो कॉइल वाळवण्यासाठीच असतो. आपल्याकडे रिमोट दाबल्याबरोबर भिंतीवरचं बटणही खटकन बंद करायची पद्धत आहे, वडीलधाऱ्यांची शिस्त. त्यामुळे ती सोय रोज वाया जाते. पंखा थांबू द्या, मग बटण.

"गॅस संपलाय" हे प्रकरण

याच्यावर जरा थांबू, कारण पैसे इथेच जातात. एसीतला गॅस हे इंधन नाही, मशीन चालल्यानं तो जळून खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. "साहेब, दोन वर्षं झाली, गॅस भरावा लागेल" या वाक्याला काही अर्थ नाही. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळाला आहे, आणि ती जागा न शोधता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा गेलेला असणार.

मेमध्ये ठीक असलेला गॅस मार्चमध्ये कमी कसा, याचंही कारण बंद काळात आहे. मशीन चालू असताना घरातल्या कॉइलकडे दाब कमी असतो आणि बाहेरच्या युनिटकडे जास्त. आर-३२ गॅसच्या एसीत आतल्या बाजूला साधारण १२० ते १५० पीएसआय दाब असतो. बंद केल्यावर दोन्हीकडचा दाब सारखा होतो, आणि हवा ३० अंशांची असेल तर तो अडीचशेच्या पुढे जातो. म्हणजे आतल्या कॉइलला किंवा जोडाला एखादं सूक्ष्म भोक असेल तर त्यातून गॅस निसटायला बंद मशीनमध्ये जास्त जोर असतो, तोही दिवसरात्र, आठ-नऊ महिने.

म्हणून गळती शोधायची ती ठेवणीत टाकतानाच. बाहेरच्या युनिटच्या बाजूला, जिथे जाड आणि बारीक अशा दोन तांब्याच्या नळ्या येऊन मिळतात, तिथे पितळी नट असतात. त्यांच्याकडे नीट बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं फिरत असतं; गॅस निसटला की तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. आजूबाजूचा पत्रा कोरडा, धुळीनं मळकट पांढरा, आणि फक्त नटाच्या गळ्याशी काळपट ओला डाग, बोट लावलं तर तेलकट: हा गळतीचा पुरावा. मशीन बंद असताना त्यावर साबणाचा दाट फेस लावा. मोठी गळती असेल तर लगेच बुडबुडे फुगतात, बारीक असेल तर चार-पाच मिनिटांनी फेसात टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उठतात. घरातल्या युनिटमागचा जोड इन्सुलेशनखाली झाकलेला असतो, तो मेकॅनिकला उघडून बघायला सांगा. बाहेरचं युनिट उंचावर, ग्रिलबाहेर असेल तर हे सगळंच त्याच्यावर सोपवा. गॅससाठी ग्रिलला लोंबकळू नका.

नट नुसता सैल असेल तर दोन पान्यांनी घट्ट केला की भागतं. नळीचं तोंड चिरलं असेल तर नवीन करावं लागतं. मग आधी व्हॅक्यूम (पंपानं नळ्यांतली हवा काढून टाकणं), मग गॅस, तोही वजनकाट्यावर. किती ग्रॅम भरायचा ते युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. काटा न आणता नुसता दाब दाखवणारा गेज लावून "बसला बघा बरोबर" म्हणणाऱ्याला मी पैसे देणार नाही. त्याच पट्टीवर गॅसचं नावही असतं. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, तेव्हा नळ्यांमध्ये गॅस असताना कुणी ज्योतीचा टॉर्च पेटवून नळीला डाग देऊ (जोड वितळवून बसवू) लागला तर तिथल्या तिथे थांबवा.

ठेवणीसाठी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून व्हॉल्व्ह बंद करून ठेवा, असाही सल्ला काही जण देतात. घर बदलताना ते करावंच लागतं, पण दरवर्षी नको. व्हॉल्व्हशी जितकी झटापट तितकी गळतीची शक्यता वाढते, आणि ते चुकीच्या पद्धतीनं केलं, आत हवा शिरली, तर कॉम्प्रेसर फुटल्याचे प्रकार घडलेले आहेत.

बाहेरच्या युनिटवर ताडपत्री?

नको. ते युनिट पावसात राहण्यासाठीच बनवलेलं असतं. चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की आत वाफ धरते, गंज चढतो, आणि उंदरांना आयतं घर मिळतं. पाण्याची धार थेट वरून पडत असेल, वरच्या मजल्याची वळचण असेल, तर फक्त डोक्यावर पत्र्याची किंवा फायबरची झडप लावा, बाजू मोकळ्या ठेवा. घरातल्या युनिटवर जुन्या सुती साडीचं झाकण चालेल, विशेषतः दिवाळीच्या झाडलोटीत आणि रंगकामात. तिथंही प्लास्टिक नको.

कबुतरांचं मात्र मनावर घ्या. बाल्कनीतलं बंद युनिट म्हणजे त्यांना पाळणाघर. काटक्या पंख्यात जातात, विष्ठेनं पत्रे खाल्ले जातात, आणि एकदा अंडी घातली की मनही होत नाही काढायचं. जाळी लावायची ती त्याआधी. भिंतीतलं नळ्यांचं भोक पुट्टीनं किंवा एम-सीलनं बुजवा, मोठं असेल तर आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून बुजवा. उंदीर तिथूनच येतो आणि दोन युनिटांमधली वायर कुरतडतो. मार्चमध्ये तो लुकलुकणारा दिवा पुष्कळदा याच वायरीचा असतो. दुसरं कारण पाल. ती बाहेरच्या पीसीबीवर शिरते, चिकटते, आणि स्वतःबरोबर बोर्डही नेते.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ठेवणीआधी बाहेरची कॉइल गोड्या पाण्यानं हलकेच धुवून काढावी, वीज बंद करून. मिठाचा थर अल्युमिनियमचे पत्रे खातो. हात लावला की भुगा होतो इथपर्यंत.

वीज

एमसीबी (वीजपेटीतला एसीचा स्विच) खाली करा, स्टॅबिलायझरही बंद. बंद दिसणारा इन्व्हर्टर एसी थोडी वीज खात असतो हा एक मुद्दा, पण मोठा मुद्दा विजांचा. मे-जूनच्या गडगडाटात आणि वीज येण्या-जाण्याच्या झटक्यांत पीसीबी जळतो, आणि तो स्वस्तात मिळत नाही. रिमोटमधले सेल काढा, ते पाझरून स्प्रिंगा हिरव्या पडतात. रिमोट, फिल्टरच्या खाचा आणि फिल्टरमागची कॉइल याव्यतिरिक्त आत कुठे स्वतः हात घालू नका. मशीन जुनी असो की इन्व्हर्टरची, तिच्यातला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

विंडो एसीवाल्यांनी मागच्या ट्रेमधलं पाणी पूर्ण काढून टाकावं. कूलरवाल्यांनी टाकी रिकामी करून पुसावी, गवताच्या ताट्या टाकून द्याव्यात आणि पुढच्या वर्षी नव्या घ्याव्यात.

मधल्या काळात अधूनमधून एसी चालवावा का, यावर मेकॅनिक लोकांतही एकमत नाही. पंधरा मिनिटं कूलिंग चालवलं तर पुन्हा कॉइल ओली होते, आणि सगळी मेहनत पाण्यात. मी म्हणेन, पावसाळ्यात चालवू नका. दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारी एकदा चालवून बघा, आणि लगेच तासभर फॅन मोड.

पुन्हा सुरू करताना

फेब्रुवारीच्या शेवटी, गरज पडायच्या आधी. काही घोटाळा असेल तर मेकॅनिक तेव्हा मिळतो. झाकलं असेल ते काढा, पंख्यात काटक्या नाहीत ना बघा, ड्रेन पाइपाची जाळी सोडा, एमसीबी आदल्या रात्री वर करा. खिडक्या उघडून पंधरा मिनिटं फॅन मोड, मग खिडक्या लावून कूल मोड, तापमान सगळ्यात खाली, पंखा जोरात. वीस मिनिटांनी साधा थर्मामीटर आधी वरच्या जाळीवर धरा, मग झडपेसमोर. दोन आकड्यांत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅस, कॉइल आणि कॉम्प्रेसर तिन्ही ठीक आहेत. फरक ४-५ अंशांचाच असेल तर आधी फिल्टर आणि कॉइल बघा, मग पितळी नट. नटाशी तेल दिसलं तर मेकॅनिकला फोन करताना "गॅस भरायचाय" असं म्हणू नका. "गळती शोधायची आहे, काटा आणि व्हॅक्यूम पंप घेऊन या" असं सांगा.